शार्लट लुकसचं नक्की काय चुकलं?

ओसरीवरची

गेल्या रविवारी आमच्या वाचनगटात जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस' झालं. सात बायका, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि डबाभर चिवडा. नायक डार्सीवर दहा मिनिटं गेली, नायिकेच्या आईच्या, बेनेटबाईंच्या, दुखऱ्या 'नर्व्हज'वर पाच, आणि शार्लट लुकसवर दीड तास. एकीने निकालच देऊन टाकला, "तिने स्वतःला विकलं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले, कारण मला वेळेवर कधीच काही सुचत नाही. घरी येऊन भांडी घासताना सुचलं, म्हणून हा धागा.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शार्लट ही नायिका एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. वय २७, रूप बेताचं, गाठीला जवळजवळ काही नाही. मिस्टर कॉलिन्स हा पाद्री. बोलायला लागला की थांबत नाही आणि दर चौथ्या वाक्याला आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनचं नाव घेतो. तीन दिवसांत तो दोन मागण्या घालतो, आधी एलिझाबेथला आणि तिने झिडकारल्यावर शार्लटला. शार्लट हो म्हणते.

आता बाविसावं प्रकरण सावकाश वाचा. शार्लटला पुरुषजातीबद्दल किंवा लग्नाबद्दल फार काही वाटत नसे, पण शिकलेल्या आणि पैसा नसलेल्या मुलीसाठी तीच एक अब्रूची तरतूद होती, असं ऑस्टिन स्वच्छ लिहिते. पुढची गंमत घरच्यांची. धाकट्या बहिणी खूश, कारण आता त्यांना एक-दोन वर्षं आधी चारचौघांत मिरवता येणार. भावांच्या जिवात जीव येतो, कारण ही बिनलग्नाची राहून मरेल ही धास्ती मिटली. आणि आई लेडी लुकस मनातल्या मनात हिशोब घालायला बसते की एलिझाबेथचे वडील बेनेटसाहेब अजून किती वर्षं काढतील. (बेनेटांच्या मागे त्यांची इस्टेट कॉलिन्सकडे जाणार आहे.) मुलगी खूश आहे का, हे त्या घरात कोणी विचारल्याचं मला तरी सापडलं नाही.

पण मला खरी गोम सापडली ती त्याच्याही आधी, लुकस घराण्याची ओळख करून दिलीय तिथे. शार्लटचे वडील मेरिटन गावात धंदा करायचे. पैसे बरे जमले, मेयर झाले, राजापुढे मानपत्र वाचलं आणि 'सर' झाले. झालं! त्या दिवसापासून त्यांना दुकानाची लाज वाटायला लागली. धंदा सोडला, गाव सोडलं, मैलभर लांब घर घेतलं आणि त्याला 'लुकस लॉज' असं नाव दिलं. आता दिवसभर लोकांशी गोड बोलणं एवढाच उद्योग. म्हणजे 'सर' आलं आणि गल्ला गेला. मुलं भरपूर, मिळकत बंद, आणि राहणी मात्र सरसाहेबांची ठेवायची. दुकान चालू असतं तर शार्लटच्या नावावर दोन पैसे असते, किंवा निदान मेरिटनमधल्या एखाद्या दुकानदाराशी लग्न लावून देता आलं असतं. सरांच्या मुलीला तेही दार बंद.

बापाच्या 'सर'चं बिल मुलीने भरलं. त्यात तिचं काय चुकलं, ते कोणी मला समजावून सांगेल का?

(बेनेटबाई एकदा टोमणा मारतात, शार्लट जेवायला थांबली नाही, तिला घरी पाय करायला जायचं असेल. पाय म्हणजे 'मिन्स पाय' हो! आमच्या मुली असल्या कामाला हात लावत नाहीत, हे सांगायची ती पद्धत.)

पावकिलो

काहीही चुकलं नाही. नवरा दिवसभर बागेत, बायको मागच्या खोलीत. यापेक्षा सुखी संसार आमच्या सोसायटीत एकही नाही.

ओसरीवरची

@पावकिलो, लोल. पण ते खरंच तसं आहे! एलिझाबेथ हन्सफर्डला, कॉलिन्सच्या गावी, शार्लटकडे राहायला जाते तेव्हा तिला प्रश्न पडतो की शार्लटने बसायला मागची गैरसोयीची खोली का निवडली. मग तिच्या लक्षात येतं. पुढची खोली जास्त छान असती, तर कॉलिन्स तिथे येऊन बसला असता. बागकामाने तब्येत चांगली राहते म्हणून त्याला बागेत पिटाळणारीही तीच.

तळटीप

असहमत. धागा आवडला, पण तुम्ही एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. तोच माणूस, तीच मागणी, तीच भीती एलिझाबेथपुढेही होती. उलट तिच्या 'नाही'ची किंमत जास्त होती. ती हो म्हणाली असती तर आई आणि चार बहिणींच्या डोक्यावरचं छप्पर वाचलं असतं. तरीही ती नाही म्हणाली, आणि म्हणाली तेव्हा डार्सी मागणी घालणार आहे हे तिला स्वप्नातही ठाऊक नव्हतं. म्हणजे नाही म्हणणं शक्य होतं. शार्लट म्हणाली नाही, इतकंच.

आणि हे फक्त कादंबरीतलं नाही. खुद्द ऑस्टिनबाईंनी डिसेंबर १८०२ मध्ये हॅरिस बिग-विदर नावाच्या गडगंज तरुणाला संध्याकाळी हो म्हटलं आणि सकाळी उठून शब्द मागे घेतला. वय? पुढच्या दोन आठवड्यांत २७ पूर्ण होणार होतं.

व्याजदर

मी आकडेमोड करणारा माणूस, कथेतलं फार कळत नाही. पण या कादंबऱ्या आवडतात, कारण प्रत्येकाची मिळकत पहिल्या भेटीतच कळते. आपल्याकडे मुलाचं पॅकेज विचारायला मध्यस्थ लागतो. इथे नाचाच्या कार्यक्रमात डार्सी दारातून आत आला आणि पाच मिनिटांत अख्ख्या हॉलला कळलं, वर्षाला १०,००० पौंड.

हिशोब मांडतो. बेनेटांचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, सगळं जमिनीचं. बायको-मुलींसाठी लग्नाच्या वेळी बांधून ठेवलेले ५,००० पौंड. कॉलिन्स मागणी घालतानाच एलिझाबेथला ऐकवतो की तुझ्या वाट्याला चार टक्क्यांच्या रोख्यांतले १,००० पौंड, तेही आई गेल्यावर. (मागणी घालताना व्याजदर सांगणारा हा साहित्यातला एकमेव प्रियकर असावा. माझा आयडी त्यावरूनच.) म्हणजे बेनेटसाहेबांनी डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी २,००० चे २०० होणार आणि त्यावर सहा बायकांनी राहायचं. माणशी ३३ पौंड. आई गेल्यावर लिझीला (एलिझाबेथला) स्वतःचे वर्षाला ४०.

चाळीस म्हणजे किती? शार्लट ब्राँटीच्या 'जेन एअर'मधल्या जेनला थॉर्नफील्डच्या वाड्यावर गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी बाई) म्हणून वर्षाला ३० पौंड मिळतात, राहून-खाऊन. ती कादंबरी १८४७ ची, ही १८१३ ची, तेव्हा तुलना ढोबळच. पण एक जमीनदाराची लेक आणि दुसरी अनाथ नोकरदार, दोघींत फरक किती उरला बघा. लिझी आणि डार्सी यांच्या उत्पन्नात मात्र २५० पट.

तळटीप, लिझीचं धाडस मान्य. पण तिचा बाप जिवंत होता आणि तिच्या बाजूने होता. "कॉलिन्सला नाही म्हटलंस तर आई तोंड बघणार नाही, हो म्हटलंस तर मी बघणार नाही" असं त्यानेच तिला सांगितलं. शार्लटच्या बापाला आनंद झाला होता.

रच्याकने, 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण सगळ्यांनी वाचाच. मरणाऱ्या बापाला दिलेला शब्द पाळायचा म्हणून सावत्र भाऊ बहिणींना ३,००० पौंड द्यायचं ठरवतो. बायको गोड बोलून ते निम्म्यावर आणते. मग त्यांच्या आईला १०० पौंडांचं वर्षासन देऊ या म्हणतात, तर बायकोचं म्हणणं, वर्षासन लागू झालं की माणसं मरतच नाहीत! शेवटी ठरतं काय, तर सामान हलवायला मदत करू आणि अधूनमधून मासे पाठवू. वाटण्या झालेल्या कुठल्याही मराठी घरात हे प्रकरण मोठ्याने वाचून दाखवू नये.

तिखटजाळ

मला लहानपणापासून एक प्रश्न आहे, हसू नका. पाच मुली झाल्या, मुलगा नाही, इस्टेट जाणार. मग बेनेटांनी दत्तक का नाही घेतला?

जुनी सनद

@तिखटजाळ, अहो हसायचं कशाला, अगदी आपल्या मातीतला प्रश्न आहे.

एक, इंग्लंडमध्ये कायदेशीर दत्तक हा प्रकारच नव्हता. तो कायदा आला १९२६ साली. निपुत्रिक श्रीमंत लोक नात्यातला मुलगा घरी आणत, त्याला आपलं आडनाव देत आणि मृत्युपत्राने मालमत्ता त्याच्या नावे करत. जेन ऑस्टिनचा भाऊ एडवर्ड असाच नाइट घराण्यात गेला आणि चॉटन गावातलं ज्या घरात तिने पुस्तकं छापण्यासाठी तयार केली ते घर त्याच्याच मालकीचं होतं. वडील १८०५ मध्ये गेल्यापासून आई आणि दोघी बहिणी भावांच्या वर्गणीवर दिवस काढत होत्या. मालमत्ता पुरुषाच्या हातून पुरुषाच्या हाती कशी जाते हे ती रोज जेवणाच्या टेबलावर बघत होती.

दोन, बेनेटांना तेही जमलं नसतं, कारण त्यांच्या लाँगबोर्न इस्टेटीवर 'एन्टेल' होतं. म्हणजे पूर्वजांनीच लिहून ठेवलेलं की जमीन पुरुष वारसाकडेच जाईल. बेनेट तिचे हयातीपुरते उपभोक्ते. ते मोडायचा एक मार्ग होता. मुलगा झाला असता, तर तो सज्ञान झाल्यावर बापलेकांनी मिळून एन्टेल तोडायचं. कादंबरीत हे स्पष्ट आहे. बेनेट याच भरवशावर राहिले, एक पैसा शिल्लक टाकला नाही. पाचवी मुलगी झाली तरी बाईंना बरीच वर्षं मुलाची खात्री वाटत होती.

अवांतर, पण राहवत नाही. ज्यांच्या स्वतःच्या कायद्यात दत्तकच नव्हता, त्यांनी १८४८ साली साताऱ्याच्या छत्रपतींचा दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं.

आणि लेडी कॅथरीन काय म्हणते आठवतंय? मुलींना डावलून इस्टेट बांधून ठेवायची मला तरी गरज दिसत नाही, आमच्या घराण्यात असलं काही केलं नाही. म्हणजे वरच्या थरात मुलगीही मालकीण होऊ शकते. हे चटके मधल्या थराला.

तिखटजाळ

सातारा!! _/\_ दंडवत.

पानगळ

सगळे ऑस्टिनवरच बोलताय. मी ब्राँटीवाली. शार्लट ब्राँटीने समीक्षक जी. एच. लुइसला जानेवारी १८४८ च्या पत्रात 'प्राइड अँड प्रेज्युडिस'बद्दल लिहिलं होतं की ही म्हणजे चारी बाजूंनी नीट कुंपण घातलेली, राखलेली बाग, मोकळं माळरान नाही, ताजी हवा नाही. त्या बंदिस्त घरांत त्या सभ्य स्त्री-पुरुषांबरोबर राहायला मला नाही आवडणार. मीही हेच म्हणते.

पण मजा अशी की तिच्या आयुष्यातही एक कॉलिन्स येऊन गेला. १८३९ मध्ये मैत्रिणीच्या भावाने, हेन्री नसीने, पत्रातून मागणी घातली. पाद्रीच. घर थाटायचंय, बायको हवी, असा सरळ व्यवहार. तिने नकार दिला आणि पुढे गव्हर्नेसची नोकरी केली, जी तिला मनापासून नकोशी होती. 'जेन एअर'मधला सेंट जॉन रिव्हर्स तिथूनच आला असं म्हणतात. तो जेनला मिशनरी कामासाठी हिंदुस्थानात न्यायला निघालेला असतो, हिंदुस्तानी भाषासुद्धा शिकवतो. जेन म्हणते बहीण म्हणून येईन, बायको म्हणून नाही. शार्लट लुकसला हे 'बहीण म्हणून' वाक्य उच्चारायची सोय नव्हती. जेनला होती, कारण तोवर मदिरा बेटावरच्या काकाचे २०,००० पौंड हातात पडलेले. ते ती चौघांत सारखे वाटते आणि स्वतःला ५,००० ठेवते. (सगळे ठेवले नाहीत म्हणून माझी आई आजही तिच्यावर चिडते.)

म्हणजे बंडखोर म्हणवणारी नायिकासुद्धा थॉर्नफील्डच्या मालकाकडे, रोचेस्टरकडे, परत जाते ती खिशात ५,००० पडल्यावरच. पहिल्या वेळी त्याच्याशी लग्न ठरलं तेव्हा तो तिला रेशीम आणि दागिने घ्यायला दुकानात घेऊन जातो आणि तिला अपमान वाटतो. दुकानातून परतताना गाडीतच ती काकाला पत्र लिहायचं ठरवते, थोडे स्वतःचे पैसे असते तर बरं झालं असतं म्हणून. त्या पत्रामुळेच पुढे लग्न मोडतं, कारण काकाकडून बातमी बर्थाच्या, म्हणजे रोचेस्टरने माळ्यावर कोंडलेल्या वेड्या बायकोच्या, भावाला लागते. प्रेमकथेच्या मधोमध हा हिशोब बसलाय आणि आपण माळ्यावरच्या बाईच्या नादात तो वाचतच नाही.

जुनी सनद

पानगळताई, माळ्यावरच्या बाईचाही हिशोब आहेच की. बर्था मेसन जमैकाची, माहेरून आणलेले ३०,००० पौंड. रोचेस्टरच्या बापाने इस्टेट थोरल्या मुलाला ठेवली आणि धाकट्याची सोय अशी लावली. लग्न झालं की बायकोची रोकड, दागिने, कमाई, सगळं नवऱ्याचं. जमिनीचं उत्पन्नही त्याचंच. 'कव्हर्चर' म्हणतात त्याला. कायद्याच्या दृष्टीने विवाहित स्त्री ही वेगळी व्यक्तीच नव्हती. ती करार करू शकत नव्हती, स्वतःच्या नावाने दावा लावू शकत नव्हती. तेव्हा बर्था ज्या घराच्या माळ्यावर कोंडली होती, त्याच घराचा धनी तिच्या ३०,००० चाही धनी होता.

यातून पळवाट होती. लग्नाआधी वकिलाकरवी 'सेटलमेंट' करायचं, पैसे विश्वस्तांच्या नावे ठेवायचे. आपल्या स्त्रीधनाशी थोडं साम्य आहे, पण आपल्याकडे ते निदान शास्त्रात होतं, तिकडे वकिलाची फी परवडेल त्यालाच. ब्राँटीबाईंनी १८५४ मध्ये वडिलांच्या क्युरेटशी (हाताखालच्या पाद्र्याशी), आर्थर बेल निकल्सशी, लग्न करताना हेच केलं. पुस्तकांच्या कमाईवर नवऱ्याचा हात पडणार नाही अशी व्यवस्था. (नऊ महिन्यांत गेल्या बिचाऱ्या, आणि जाण्याआधी मृत्युपत्र करून सगळं त्यालाच दिलं, तो भाग वेगळा.) कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केलने मात्र पत्रात लिहून ठेवलंय की गोष्टीचे २० पौंड आले आणि नवऱ्याने शांतपणे आपल्या खिशात घालून बटण लावलं.

धाकटी ब्राँटी, ॲन, हिच्या 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल'मध्ये (१८४८) नायिका दारुड्या नवऱ्यापासून पळायचं ठरवते, चित्रं विकून पोट भरायचं म्हणते. नवऱ्याला डायरीतून सुगावा लागतो. तो काय करतो? तिच्या किल्ल्या, पैसे, दागिने काढून घेतो आणि रंग-कुंचले आगीत टाकतो. वाचताना राग येतो, पण यातला कुठलाही प्रकार तेव्हाच्या कायद्याने चोरी नव्हता. त्याचंच सामान होतं.

१८५६ साली बायकांनी पार्लमेंटला अर्ज केला, सुमारे २६,००० सह्या. त्यात गॅस्केलबाई होत्या आणि पुढे जॉर्ज एलियट म्हणून नावारूपाला आलेल्या मेरियन इव्हान्सही. १८५७ मध्ये घटस्फोटाचा कायदा आला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला व्यभिचार अधिक क्रौर्य, किंवा सोडून जाणं, किंवा आणखी काही. स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवायचा हक्क १८७० मध्ये, पूर्ण मालमत्तेचा १८८२ मध्ये. म्हणजे वर ज्यांची नावं घेतली त्यांपैकी बहुतेक जणी तोवर जग सोडून गेल्या होत्या.

पुस्तकपेटी

एक दुकानदारी मुद्दा. यातल्या ऑस्टिननंतरच्या कादंबऱ्या लग्नावर संपतात त्याला लेखिकांचा स्वभाव जितका कारण, तितकाच मुडीसाहेबही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नवी कादंबरी तीन खंडांत निघायची, किंमत दीड गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून जराशी जास्त). घरोघर विकत कोण घेणार? मुडीची वाचनालयं वर्षाला एका गिनीत पुस्तकं फिरवायची, आणि मुडीला काय चालेल ते प्रकाशक लेखकाला सांगायचा. तरुण मुलींसमोर मोठ्याने वाचता आलं पाहिजे, ही कसोटी.

बांधावरून

सगळा धागा वाचला. माहिती भारी. पण तुमच्या सगळ्या नायिका बैठकीत बसणाऱ्या आहेत. ३३ पौंडांत कसं भागवायचं ही त्यांची भीती. त्या ३३ मध्येही एक मोलकरीण ठेवायचीच, हे गृहीत. लाँगबोर्नच्या घरात हिल म्हणून हाउसकीपर आहे. धाकट्या लिडियाचं लग्न ठरल्यावर बेनेटबाई तिला म्हणतात, तुम्हा सगळ्यांना पंचचा एक वाडगा मिळेल हो. हिलचं लग्न, तिची अडचण? शून्य. बाई शेवटपर्यंत चहा आणि पत्रं आणत राहते.

'टेस' घ्या. टॉमस हार्डीची कादंबरी, १८९१. मूळ धाग्यातला 'सर'चा मुद्दा वाचला आणि तीच आठवली. टेसचा बाप गरीब फेरीवाला. पाद्री त्याला रस्त्यात सांगतो की तुझं घराणं मुळात डर्बरव्हिल, जुने सरदार, आणि गमतीत 'सर जॉन' म्हणून हाक मारतो. गडी तिथेच हवेत! दारू पिऊन येतो, पहाटे मधमाश्यांची पोळी बाजारात न्यायला उठवत नाही, पोरगी गाडी घेऊन निघते, अपघातात घोडा मरतो. घोडा म्हणजे घरचा धंदा. मग त्या श्रीमंत 'भाऊबंदां'कडे पोरीला धाडतात. आईला खात्री, हिचा हुकमाचा एक्का म्हणजे रक्त नव्हे, तोंडवळा. पुढे तिथल्या ॲलेकने तिला नासवलं.

बाप मेल्यावर घर जातं, ते का हे कॉलेजात आम्हाला कोणी शिकवलं नाही. घराचा पट्टा तीन माणसांच्या हयातीपुरता होता. टेसचा बाप तिसरा. तो गेला, पट्टा संपला, आणि सहा एप्रिलला, जुन्या लेडी डेला (पट्टे-करार बदलायच्या दिवशी), सामान गाडीत घालून आई-भावंडं रस्त्यावर. पडदे लावून झोपायला जागा मिळते ती चर्चच्या भिंतीबाहेर, उघड्यावर, त्याच डर्बरव्हिल पूर्वजांच्या थडग्यांजवळ. त्यानंतरच ती परत ॲलेककडे जाते. बेनेटांचं एन्टेल आणि हा पट्टा, दोन्ही एका पुरुषाच्या श्वासाला बांधलेले. फरक इतकाच की बेनेटांच्या पोरींना निदान व्याज होतं.

शार्लटने स्वतःला विकलं म्हणणाऱ्यांनी टेसबद्दल काय म्हणायचं ते आधी ठरवावं.

पावकिलो

पहिला प्रतिसाद माझा होता याची आता लाज वाटतेय. बांधावरून, +१.

पुस्तकपेटी

@बांधावरून, जबरी. 'टेस' 'ग्राफिक' साप्ताहिकात क्रमशः आली, तेव्हा टेसचा प्रियकर एंजल चार गवळणींना उचलून पाणी भरलेला रस्ता पार करवतो हे संपादकांना खपलं नाही. हार्डीने त्याच्या हातात ढकलगाडी दिली.

खणखणीत

दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या बायकांना आजच्या चष्म्यातून बघून काय मिळतं? तेव्हा सगळीकडे तसंच होतं. विषय संपला.

गिरगाव

@खणखणीत, आजचा चष्मा कशाला, तेव्हाचाच घ्या. आणि परक्याही कशाला, माझ्या गल्लीजवळ येऊन जा.

रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, सासरी नांदायला नकार. १८८४ मध्ये नवरा दादाजी भिकाजी मुंबईच्या हायकोर्टात गेला, बायकोने नांदायला यावं म्हणून. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नाही, तो इंग्लंडच्या चर्च-कोर्टांतून आला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये नेमकं हेच बोट ठेवलं आणि दावा फेटाळला. पुढे अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. आता चष्मा लावा. इंग्लंडने अशा दाव्यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच रद्द केली होती. तिकडच्या बायकांसाठी रद्द, इकडच्या बाईला लागू.

आणि सनदकाकांनी सांगितलेल्या १८८२ च्या कायद्याच्याच साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. ताराबाईंनी चष्मा कुठून आणला होता?

रखमाबाई नंतर लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या हे आपल्याला अभिमानाने सांगता येतं. शार्लट लुकसला जाता येईल असं कॉलेज १८१३ मध्ये लंडनातही नव्हतं.

तळटीप

या धाग्यावर माझं मत निम्मं बदललंय. निम्मंच. गिरगाव, रखमाबाईंनी तुरुंग पत्करला, म्हणजे नाही म्हणणारी निघालीच ना? नाही म्हणणारे नेहमी असतात. सगळ्यांनी तसं असावं अशी सक्ती करता येत नाही, एवढं कबूल.

चैत्रपालवी

नवीन आयडी, पहिलाच प्रतिसाद. सांभाळून घ्या.

धाग्यात "एकीने निकालच देऊन टाकला" असं आहे ना, ती एक म्हणजे मी. चिवडाही माझाच होता. :)

ओसरीवरची, तू गप्प बसलीस त्यामुळे मला माझं वाक्य पुरं करता आलं नाही. 'विकलं' हा शब्द चुकला, मागे घेते. बांधावरून यांनी दिला तो दाखला माझ्या डोक्यातही नव्हता. पण माझी तक्रार लग्नाबद्दल नव्हतीच. पोटासाठी लग्न केलेल्या बायका मी घरात पाहिल्या आहेत, त्यांना नावं ठेवायची माझी टाप नाही.

तक्रार ही की शार्लटने जे घर मिळवलं ते तिच्या जिवलग मैत्रिणीचं आहे. बेनेट मेले की लाँगबोर्नची मालकीण शार्लट, आणि लिझीची आई-बहिणी दाराबाहेर. लेडी लुकसने हिशोब कशाचा घातला? मैत्रिणीच्या बापाच्या मरणाचा. आणि शार्लट काही दुधखुळी नव्हे, हिशोबात ती आईच्या वरचढ.

ओसरीवरची

अगं तू! आधी सांगायचंस ना.

पण कॉलिन्सला इस्टेट मिळणार हे शार्लटमुळे ठरलेलं नाही. तिने नाही म्हटलं असतं तर त्याने तिसरीला विचारलं असतं. ती तिसरी लिझीला ओळखतही नसती. मला वाटतं शार्लट मालकीण असती, तर बेनेटबाईंना निदान सामान बांधायला महिनाभर जास्त मिळाला असता.

चैत्रपालवी

महिनाभर मिळाला असता, मान्य. पण तू तेविसावं प्रकरणही वाच. लग्न ठरल्यावर शार्लट त्यांच्याकडे येते-जाते. बेनेटबाईंना दर वेळी वाटतं की ही घर बघायला आलीय. ती कॉलिन्सशी हळू आवाजात काही बोलली, की यांना खात्री, दोघं इस्टेटीचंच बोलताहेत, नवरा गेल्याबरोबर आपल्याला हाकलायचं ठरवताहेत. ऑस्टिन ते आपल्याला हसवण्यासाठी लिहिते आणि आपण हसतो, कारण बेनेटबाई मूर्ख आहेत हे पहिल्या प्रकरणापासून आपल्याला पढवलेलं असतं.

मी या वेळी हसले नाही. ती दोघं हळू आवाजात दुसरं काय बोलत असतील, सांग बरं? कॉलिन्सला तर हळू बोलताच येत नाही.